चोवीस टाके, सगळीकडे चोवीसच

त्या दिवशी पेंटरने पाच घरांतले पाच कॉम्प्युटर तपासले आणि पाचही ठिकाणी त्याच्या बायकोची नक्षी हुबेहूब दिसली. पाचव्या घरातून तो बाहेर पडला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अडुसष्टाव्या वर्षी माणूस एकेक पायरी सोडून जिना उतरत नाही. तो उतरला. खाली येऊन, धापा टाकत, त्याने परगावी असलेल्या सूनबाईला फोन लावला.

“पास! पाचच्या पाच पास!”

“ओळी सरळ दिसतात ना बाबा? सगळीकडे?”

“अगं, फुटपट्टी लावून पाहिली. खरोखरची. डेंटिस्टबाईंच्या स्क्रीनला लावली, तर त्या म्हणाल्या, आता तोंडात घालू नका म्हणजे झालं.”

“मग पाठवू का सगळ्यांना?”

“पाठव!”

आणि तिने पाठवलं.

पेंटरने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. त्याची बायको घरातल्या पुढच्या खोलीत विणकाम शिकवायची. तीस वर्षं शिकवलं. तिला सगळे बाई म्हणत. बाईंचा नियम एकच होता आणि तो पहिल्याच दिवशी सांगितला जायचा: “कागदावर आहे ते विणा. डोकं घरी ठेवून या.” कुणी मध्येच आपली अक्कल पाजळली की बाई काही बोलायच्या नाहीत. नुसतं विणलेलं हातात घ्यायच्या आणि सगळं उसवून लोकरीचा गुंडा परत द्यायच्या.

बाई जाऊन दहा महिने झाले होते. मागे एक वही राहिली होती आणि वहीत शेवटची नक्षी. छत्तीस चौकोनांची एक मोठी चादर, आणि तिच्यात एक वेल. वेल पहिल्या चौकोनात उगवायची आणि एकातून दुसऱ्यात शिरत छत्तिसाव्यात जाऊन संपायची. प्रत्येक चौकोनात चोवीस टाक्यांच्या चोवीस ओळी. टिंब म्हणजे साधा टाका. गोल म्हणजे जाळीचं भोक, त्याने एक टाका वाढतो. तिरकी रेघ म्हणजे दोन टाके एकत्र विणायचे, त्याने एक टाका कमी होतो. एका ओळीत जितके गोल तितक्या रेघा, म्हणजे चौकोन चौकोनच राहतो.

बाईंच्या धाकट्या बहिणीने ठरवलं की छत्तीस शिष्यांनी एकेक चौकोन विणायचा आणि बाईंच्या वाढदिवसाला, त्याच पुढच्या खोलीत, सगळे जोडायचे. शिष्य दहा गावांत पांगलेले. वही एक. आणि पेंटर म्हणाला, “वही घराबाहेर जाणार नाही. न्यायची असेल तर आधी मला न्या.”

म्हणून सूनबाईने वेबपेजची कल्पना काढली. पेंटरने बायकोच्या तिन्ही खुणा मोठ्या कागदावर ब्रशने काढून दिल्या. तिचा गोल नुसता गोल नव्हता. पेन उचलताना ती घाई करायची, त्यामुळे गोलाला खाली उजवीकडे एक बारीक शेपूट यायचं. पेंटरने ते शेपूट सतरा वेळा काढलं तेव्हा कुठे जमलं. सूनबाईने त्या खुणांचा एक फॉन्ट करून दिला. मग पेंटर एका बोटाने पाच आठवडे टाइप करत बसला. त्याच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं की वाटायचं, वहीच काचेमागे ठेवलीय.

आता त्या पाच घरांत नेमकं काय झालं ते सांगायला हवं.

पाटी रंगवायला निघालेला माणूस आपला ब्रश आणि आपला रंग घेऊन निघतो. भिंतीकडे ब्रश मागत नाही. पेंटरने तेच केलं. फॉन्ट पेन ड्राइव्हवर घेतला आणि प्रत्येक घरात गेल्या गेल्या आधी तो त्या कॉम्प्युटरमध्ये बसवला, मग पान उघडलं. हे त्याने सूनबाईला सांगितलं नाही. लपवलं नाही, पण सांगण्यासारखं त्याला त्यात काही वाटलंच नाही. चपला बाहेर काढून आत गेलो, हे कुणी फोनवर सांगतं का?

तीन दिवस तो हवेत होता. गुणगुणत दाढी केली. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या. चौथ्या दिवशी सकाळी लायब्ररीवाल्या बाईंचा फोन आला.

“पेंटर, एक विचारायचं होतं. तेराव्या टाक्याला टेलिफोन आहे.”

“काय आहे?”

“टेलिफोन. जुना, डायलवाला. चित्र आहे छोटंसं. पहिल्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत चार. मी विणतेय, पण रिसीव्हरची वायर फार किचकट आहे हो.”

“तुम्ही टेलिफोन विणताय?”

“मग? कागदावर आहे ते विणा!”

पेंटरने फोन ठेवला न ठेवला तोच दारावरची बेल वाजली. दारात धाकटी उभी होती. सहा तासांचा प्रवास करून आली होती, पण प्रवासाने दमलेली दिसत नव्हती. रागाने ताजीतवानी दिसत होती. तिने पिशवीतून काहीतरी निळं ओढून काढलं. ते निघतच राहिलं.

“भावोजी, हे काय आहे?”

“झगा?” पेंटर म्हणाला.

“चौकोन आहे! नऊ नंबरचा चौकोन!”

तो वर चोवीस टाके रुंद होता आणि खाली येता येता एवढा पसरला होता की त्यात दोन माणसं बसली असती. धाकटीच्या कॉम्प्युटरवर गोलाच्या जागी जाड डबे दिसत होते आणि तिरक्या रेघा दिसतच नव्हत्या. म्हणजे भोकं सगळी, आणि दोन टाके एकत्र एकदाही नाहीत. प्रत्येक ओळीला टाके वाढत गेले.

“पण तुला कळलं कसं नाही? तू चाळीस वर्षं विणतेस.”

“कळलं ना! तिसऱ्या ओळीलाच कळलं.”

“मग?”

धाकटी धपकन खुर्चीत बसली. “ताईची शेवटची नक्षी. मला वाटलं, हिने काहीतरी नवीन काढलंय. तिच्यावर कधी कुणी शंका घेतलीय का? मी विणत गेले. म्हटलं, पुढे कुठेतरी मिटेल. मिटेचना! शेजारीण विचारायला लागली, तंबू करताय का.”

पेंटरला हसू फुटलं. ते त्याने दाबलं, पण नाकातून आलंच.

“हसा. डेंटिस्टबाईंच्या बहिणीचा उलटा झालाय. रेघा आहेत, गोल नाहीत. निमुळता होत होत टोक आलंय त्याला. पोपटाच्या चोचीवर चढवता येईल.”

त्यांनी सूनबाईला फोन लावला. धाकटीने स्पीकर लावून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, पंचांपुढे आरोपी ठेवावा तसा.

“बाबा,” सूनबाई सगळं ऐकून म्हणाली, “खरं सांगा. पाच घरं तपासलीत तेव्हा काय काय केलंत? अगदी पहिल्यापासून.”

“बेल वाजवली.”

“मग?”

“पाणी प्यायलो. मग फॉन्ट बसवला, मग पान उघडलं.”

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“बाबा, पानाबरोबर अक्षरं जात नाहीत हो. पान नुसता निरोप देतं, की इथे अमुक फॉन्टमधली अमुक खूण लाव. ती खूण त्या मशीनने आपल्या पेटीतून काढायची. पेटीत तो फॉन्टच नसेल तर मशीन म्हणतं, बरं, माझ्याकडे काय आहे? कुणाकडे डबा आहे, कुणाकडे टेलिफोन आहे, कुणाकडे काहीच नाही. तुम्ही पाच जणांच्या पेटीत आधी माल भरून आलात आणि मग म्हणालात, पास!”

“मग आता छत्तीसही घरी जाऊन भरून येतो.”

“दहा गावं आहेत, भावोजी,” धाकटी म्हणाली. “आणि वाढदिवसाला आठ दिवस उरलेत. तोपर्यंत चौकोन झाले नाहीत तर त्या दिवशी काय जोडायचं? माझा तंबू?”

ते ऐकून पेंटरने मान वळवली. पुढच्या खोलीतल्या पुसलेल्या खुर्च्या त्याला दिसत होत्या.

“फॉन्ट पानाबरोबर धाडताही येतो,” सूनबाई म्हणाली, “पण निम्म्या लोकांची मशीनं जुनी आहेत, घेतील की नाही सांगता येत नाही. मावशींचा कॉम्प्युटर तर माझ्या लग्नाच्या आधीचा आहे.”

“चालतो तो,” धाकटी म्हणाली.

“सोपं सांगते. साध्या खुणा घेऊ. साधं टिंब, साधा गोल, साधी तिरकी रेघ. जगातल्या कुठल्याही मशीनवर असतात. आणि ज्याची सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतात असा फॉन्ट, म्हणजे चोवीस टाके चोवीसच जागा घेतील. अर्ध्या तासात बदलून देते.”

“आणि शेपूट?” पेंटरने विचारलं.

“कसलं शेपूट?”

“तिच्या गोलाचं.”

“बाबा, साध्या गोलाला शेपूट नसतं.”

“मग नको.” पेंटर उठला. “तिच्या हातचं दिसणार नसेल तर काय उपयोग? शाळेतल्या गणितासारखं दिसेल ते. नको.”

“भावोजी,” धाकटी म्हणाली, “चाळीस वर्षांत ताईचं शेपूट आम्ही कधी विणलं नाही. आम्हाला माहीत होतं, तिला पेन उचलायची घाई आहे.”

हे खरं होतं आणि म्हणूनच लागलं. “चहा टाकतो,” एवढंच म्हणून पेंटर स्वयंपाकघरात गेला.

दूध नव्हतं. त्याने चहाच्या डब्यासाठी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. तो तिथे बारा वर्षं होता. बाई धाकटीच्या लेकीच्या बाळंतपणाला म्हणून महिनाभर गेल्या तेव्हा त्यांनी तो लावला होता. पेंटर रोज कपाट उघडायचा आणि रोज तो कागद बघायचा, म्हणजे बघायचा नाही. आज वाचला.

“मी नसले तर. दूध शिंपीणबाईंकडून आणा. त्या नसतील तर खालच्या घड्याळजींकडून. तेही नसतील तर कोपऱ्यावरच्या दुकानातून, पण तो पाणी घालतो. कुणीच नसेल तर कोरा प्या. चहाला काही होत नाही, तुम्हालाही होणार नाही.”

पेंटर कपाटाचं दार धरून उभा राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. बाहेरून धाकटीला पाठमोरा पेंटर दिसला, तशी ती धावत आली. “भावोजी, अहो, असं नका करू, राहू दे शेपूट, मी...” आणि तिने बघितलं तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होता. त्याने नुसतं बोट दाखवलं. धाकटीने वाचलं. “पण तो पाणी घालतो,” या वाक्याशी तिचंही हसू सुटलं. दोघं कपाटाला टेकून हसत राहिली. टेबलावरच्या फोनमधून सूनबाई ओरडत होती, “काय झालं? मावशी? कुणी पडलं का?”

पेंटर डोळे पुसत बाहेर आला.

“सूनबाई, लिहून घे. ते पान मशीनला निरोप देतं म्हणालीस ना? त्या निरोपात एकच नाव लिहायला लागतं की यादी चालते?”

“यादी चालते. यादीच लिहितात.”

“मग लिही. खुणा तुझ्या साध्याच, पण यादीत पहिली ती, तिच्या हातचा फॉन्ट. ज्याच्या घरी असेल त्याला दिसेल. ती नसेल तर दुसरा, सारख्या रुंदीचा, चांगल्यातला. तो नसेल तर तिसरा, जुन्या मशीनांत असतो तसला. आणि कुणीच नसेल तर...”

“तर?”

“तर घरात जो असेल तो. सारख्या रुंदीचा असला म्हणजे झालं. कोरा.”

“कोरा?”

“तू लिही गं.”

तासाभरात पान नवं झालं. पेंटरच्या कॉम्प्युटरवर काहीच बदललं नव्हतं, गोलाला शेपूट होतं. पण आता त्याचा स्वतःच्या कॉम्प्युटरवर विश्वास उरला नव्हता. “चल,” तो धाकटीला म्हणाला, “तपासू.”

“थांबा.” धाकटीने दारातच त्याचे खिसे तपासले. शर्टाचा, पँटचे दोन्ही, आणि मागचासुद्धा. मागच्या खिशात पेन ड्राइव्ह निघाला.

“सवयीने राहिला,” पेंटर म्हणाला.

“सवयीने,” धाकटी म्हणाली आणि तो पिठाच्या डब्यात टाकला.

मग ती दोघं सुटली. आधी लायब्ररी. लायब्ररीवाल्या बाईंनी पान उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. “टेलिफोन गेले?”

“गेले. मोजा!”

“एक, दोन, तीन...” लायब्ररीत मोठ्याने बोलायचं नाही अशी पाटी होती. ती पेंटरनेच रंगवलेली होती, त्यामुळे त्याला तिचं भय नव्हतं. “चोवीस!”

“खालची ओळ!”

“चोवीस!”

तिथून पोस्टाच्या खिडकीवर. तिथून डेंटिस्टबाईंच्या बहिणीकडे, जिथे पोपटाच्या चोचीचा पंचनामा झाला. तिथून घड्याळजींच्या पुतणीकडे, तिचा कॉम्प्युटर एवढा जुना की सुरू होईपर्यंत दोघांनी चहा घेतला, तोही कोरा, आणि उगाचच खिदळत घेतला. पुतणीला वाटलं चहात काहीतरी पडलंय. मशीन सुरू झालं. खुणा जाड्याभरड्या दिसल्या, काठ करवतीसारखे. पण चोवीस. सरळ चोवीस.

“इतक्याने काय होतंय?” पेंटर रस्त्यावर येऊन म्हणाला. “दहा गावांतली मशीनं कुठे बघायची?”

धाकटी थांबली. समोर टीव्ही आणि कॉम्प्युटरचं मोठं दुकान होतं. काचेमागे बारा कॉम्प्युटर ओळीने मांडलेले होते, लहान, मोठे, सपाट, घडीचे, सगळे वेगवेगळ्या बनावटीचे.

विक्रेता हात चोळत पुढे आला. “काय दाखवू काका?”

“सगळे,” पेंटर म्हणाला.

विक्रेत्याचे डोळे चमकले. पाच मिनिटांत बाराही पडद्यांवर टिंबं, गोल आणि रेघा पसरल्या. धाकटी एका टोकाला, पेंटर दुसऱ्या टोकाला.

“एक नंबर?” पेंटर ओरडला.

“चोवीस!”

“दोन नंबर?”

“चोवीस!”

“हे काय आहे?” विक्रेत्याने विचारलं.

“वेल आहे. तीन नंबर?”

तिसऱ्याशी दुकानातली दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. सातव्याशी ती स्वतः मोजायला लागली. नवव्या कॉम्प्युटरवर एका बाईंना तेवीसच सापडले. सगळं दुकान त्या पडद्याशी गोळा झालं. धाकटीने बोट ठेवून पुन्हा मोजलं. बाईंनी मोजताना एक टिंब सोडलं होतं. “चोवीस!” दुकानात टाळ्या पडल्या. बाराव्याला विक्रेत्याने स्वतः आवाज दिला, “चोवीस, काका!” आणि मग हळूच विचारलं, “यातला घेणार कुठला?”

“एकही नाही,” पेंटरने त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. “सगळे उत्तम आहेत. देव तुझं भलं करो.”

संध्याकाळी सूनबाईने नवा निरोप धाडला: जुनं उसवा, नवं विणा. गावोगावी लोकर उसवली गेली. फोन येत राहिले, पण आता फोनवर नुसते आकडे असायचे. पेंटर भिंतीवरच्या तक्त्यात एकेक चौकोन रंगवत गेला. चार दिवस उरले तेव्हा बस कंडक्टरबाईंचा फोन आला. बसच्या पायरीवरून पाय घसरला, उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

“एकवीस नंबर,” धाकटी तक्त्याकडे बघत म्हणाली. “अगदी मध्यावर. तिथे वेल तुटली तर तुटलीच.”

“तू विण.”

“माझा तंबू अजून अर्धा उसवायचाय. सूनबाईला येत नाही. बाकी सगळ्यांच्या सुया गुंतलेल्या.” धाकटीने यादी वरून खाली वाचत यावं तसं एकेक नाव घेतलं, आणि सगळी नावं संपल्यावर पेंटरकडे बघितलं.

“मी?” पेंटर म्हणाला. “तीस वर्षं ती शिकवायला तयार होती, मी म्हणायचो, मला ब्रश पुरे.”

“घरात जो असेल तो, भावोजी. तुमचेच शब्द.”

तो चार दिवस विणत होता. जीभ बाहेर काढून, स्क्रीनच्या पुढ्यात, खुणा मोजत. धाकटी समोर बसून तंबू उसवायची, आपला नऊ नंबर नव्याने विणायची आणि त्याच्यावर नजर ठेवायची. “लोकर आहे ती, गळा नाही कुणाचा. सैल धरा.” सात वेळा तिने त्याचं सगळं उसवून लोकरीचा गुंडा परत दिला, एक शब्द न बोलता. आठव्या वेळी नाही दिला.

वाढदिवसाला पुढच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. छत्तीस चौकोन जमिनीवर मांडले गेले. वेल पहिल्यात उगवली, वळली, दुसऱ्यात गेली. लायब्ररीवाल्या बाई गुडघ्यांवर रांगत तिच्यामागे बोट फिरवत चालल्या होत्या आणि बाकी सगळे आकडे म्हणत होते. अठरा, एकोणीस, वीस. एकविसाशी त्यांचं बोट थांबलं. चौकोन जरा आखडलेला होता, पेंटरचा हात शेवटपर्यंत सैल झाला नव्हता. धाकटीने चारी कोपरे ओढून टाचण्या लावल्या आणि पहिल्या ओळीवर नख ठेवून मोजलं.

“चोवीस,” ती म्हणाली. वेल एकविसातून बावीसमध्ये गेली.

केवढा गलका झाला! कंडक्टरबाईंनी प्लास्टर टेबलावर आपटलं आणि मग ओरडल्या.

“एक मिनिट,” धाकटी वाकून म्हणाली. एका गोल भोकाच्या खाली, उजवीकडे, लोकरीचं एक टोक लोंबत होतं. तिथे पेंटरकडून लोकर तुटली होती आणि त्याने गाठ मारली होती. धाकटीने कात्री उचलली. पेंटरने तळहात मध्ये घातला.

“राहू दे.”

“भावोजी, नियम आहे. कागदावर आहे ते विणायचं. कागदावर हे शेपूट कुठे आहे?”

पेंटर उठला. आतल्या खोलीत गेला आणि वही घेऊन आला. दहा महिन्यांत ती पहिल्यांदाच चारचौघांपुढे आली होती. त्याने एकवीस नंबरचं पान उघडलं, धाकटीच्या नाकासमोर धरलं आणि एका गोलावर बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

छत्तीस माणसं वहीवर वाकली. धाकटीने चष्मा वर केला, खाली केला. मग कात्री ठेवून दिली.

“आहे बाई,” ती म्हणाली.

“म्हणजे माझा टेलिफोनसुद्धा चालला असता,” लायब्ररीवाल्या बाई जमिनीवरून म्हणाल्या, आणि खोलीत पुन्हा असा काही हशा उसळला की खालचे घड्याळजी वर काय झालं ते बघायला जिना चढून आले.